कच्चं पान जोडून आणा

यंदा जुलैत दहावीतल्या एका मुलीने वर्गसमीकरणांचा स्वाध्याय टाईप करून आणला. पांढरेशुभ्र कागद, सरळ समास, खाडाखोड नावालाही नाही. पन्नास वह्यांनी शिणलेल्या माझ्या डोळ्यांना बरं वाटलं. तिसऱ्या गणितात मात्र उत्तर हवं होतं ५, तिथे ८ होतं. ताळा केला तर शून्याऐवजी २१ येत होते.

“कच्चं काम कुठंय?”

“बाई, ते घाण आहे.”

“तेच आण.”

चुरगळलेल्या पानावर सगळं बरोबर होतं. वर सहा अधिक चार, मध्ये आडवी रेघ, खाली दोन. उत्तर ५. मग ५ वर काट मारून ८ केलेले. टाईप करताना तिनं सगळं एका ओळीत बसवलं होतं, ६ + ४ / २, आणि खात्रीसाठी फोनच्या कॅल्क्युलेटरवर तसंच दाबलं. त्याने नियमाप्रमाणे आधी भागाकार केला. वहीत ती रेघच कंसाचं काम करते. कीबोर्डवर रेघ गेली की कंस आपणच घालायचा असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीही नाही.

गणित टाईप करणं मुळातच नाजूक काम. मजकूर ओळीत चालतो. गणित वर-खाली पसरतं. घातांक डोक्यावर, छेद पायाशी, वर्गमुळाचं छप्पर हवं तेवढं लांब. १९७७मध्ये अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. जुळणी इतकी खटकली की लेखन बाजूला ठेवून त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली घडवायला घेतली. वर्षभरात उरकेल वाटलेलं काम दहा वर्षांवर गेलं. तिच्यावर बेतलेल्या ‘लेटेक’मध्ये अपूर्णांक लिहिताना अंश एका महिरपी कंसात आणि छेद दुसऱ्यात द्यावा लागतो. वर्डमध्ये समीकरणाची सोय वापरली तर वर-खाली दोन चौकोन भरायचे. रेघ कुठून कुठवर, हे आधी ठरवावंच लागतं. माझ्या विद्यार्थिनीला नेमकं हेच उपयोगी पडलं असतं.

हाताने लिहिणंही काही धुतल्या तांदळासारखं नाही. एक्स आणि गुणिलेचं चिन्ह एकमेकांच्या गळ्यात पडलेलं मी रोज पाहते. काही मुलांना लिहिण्याचाच त्रास असतो. त्यांना कीबोर्ड दिला की गणित येतं हे दिसतं. पण बोर्डाचे बीजगणित आणि भूमितीचे चाळीस-चाळीस गुणांचे पेपर हातानेच लिहायचे आहेत आणि तिथे पायऱ्यांना गुण आहेत.

पायऱ्यांवरून मला रामानुजन आठवतात. कागद परवडत नसे, म्हणून ते पाटीवर गणित करत, कोपराने पुसत आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवत. १९५७मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या वह्या जुळणी न करता, त्यांच्या हस्ताक्षरात जशाच्या तशा छापल्या. अक्षर राहिलं, पायऱ्या पाटीबरोबर गेल्या. त्या निष्कर्षांच्या सिद्धता उभ्या करताना गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड झाले.

बॅकस्पेस म्हणजे तेच कोपर. चुकलेली ओळ गेली की मागे डागही उरत नाही. बर्न्ट यांच्याकडे कित्येक वर्षं होती. माझ्याकडे एक रविवार असतो.

म्हणून आता वर्गात अट एकच: खुशाल टाईप करा, पण कच्चं पान मागे टाचून आणा. त्या मुलीचा पुढचा स्वाध्याय परवा आला. टाईप केलेल्या प्रतीत सगळे कंस जागच्या जागी. मागच्या पानावर एक ओळ दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली. बरोबरची खूण मी त्या ओळीपुढे केली.