सीताफळाच्या बीतलं विष

पावसाळा सरत आला की वडवणी, धारूर भागात बालाघाटच्या उतारांवर सीताफळं डोळे उघडू लागतात. झाड मुरमाड जमिनीवर, जेमतेम पावसावर तग धरतं आणि शेळ्या त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कौतुक होतं ते गराचं; पण या फळातली विलक्षण रसायनं बीत आहेत.

त्यांना अ‍ॅसिटोजेनिन म्हणतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकतात. त्या जोरावर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन तयार होतं. स्नायूचं आकुंचन असो की मज्जातंतूचा संदेश, खर्च होतं ते एटीपीच. या साखळीच्या सुरुवातीला 'कॉम्प्लेक्स एक' हा प्रथिनसमूह आहे. अ‍ॅसिटोजेनिन तिथेच, इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या युबिक्विनोनच्या जागेवर ठाण मांडतं. इलेक्ट्रॉन पुढे जात नाहीत. हे रसायन पोटात गेलेल्या किडीला हवा भरपूर मिळूनही तिच्या पेशींतलं एटीपी आटतं. ती सुस्तावते आणि मरते.

किडीच्या बंदोबस्तासाठी शेतकरी दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला घालतात, तर उवांवर बियांची पूड लावण्याची रीत घरोघरी होती.

बी चुकून गिळली तर टणक कवचामुळे सहसा तशीच बाहेर पडते. वाटलेल्या बीची गोष्ट वेगळी. ती पूड डोळ्यांत गेल्याने बुबुळाला इजा झालेले रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. डोक्याला असा लेप लावणं आता थांबायलाच हवं.

कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावरचा अनुभव याहून गंभीर आहे. तिथे पार्किन्सनसारखी लक्षणं असलेल्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांच्यापैकी अनेक जण सीताफळाच्या कुळातली फळं आणि पानांचा काढा नियमित घेत होते. पुढे याच कुळातलं अ‍ॅनोनासिन हे अ‍ॅसिटोजेनिन उंदरांना दिल्यावर त्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मेल्या. माणसांतला कार्यकारणसंबंध यावरून पक्का ठरत नाही. तरीही चेतापेशींची ऊर्जेची भूक मोठी असते, त्यामुळे कॉम्प्लेक्स एक अडलं की त्या लवकर होरपळतात. प्रयोगशाळेतल्या कर्करोगपेशींवर अ‍ॅसिटोजेनिन चालतं, एवढ्याच आधारावर आज या कुळातल्या झाडांच्या पानांचा काढा कर्करोगावर सुचवला जातो. तो गुणकारी असल्याचं माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही.