परमिट रूमचा मालक कोण?

अष्टविनायकाला निघालेली गाडी नारायणगावातून ओझरकडे वळते. कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या पाण्यालगत विघ्नहराचं देऊळ आहे आणि मुक्कामाला भक्तनिवास. चिमाजी आप्पांनी 1739मध्ये वसई जिंकली आणि मग देवळाला सोन्याचा कळस चढवला, ही हकिगत इथे कुणीही सांगेल. पण पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एखाद्या ‘रेस्टॉरंट अँड बार’समोर उभं राहून पहिला मालक कोण, धंदा किती वेळा हातोहात गेला, असं विचारलं तर बहुधा उलट प्रश्न येतो: ‘कशाला पाहिजे?’

इंग्लंडमध्ये अशी माहिती सहज हाती लागते. चौदाव्या शतकात कँटरबरीच्या यात्रेला निघालेले लोक लंडनच्या साउथवर्क भागातल्या ‘टॅबर्ड’ या खाणावळ-मद्यगृहात उतरत. कवी चॉसरने आपल्या यात्रेकरूंच्या कथा तिथूनच सुरू केल्या आणि त्यांच्या सोबतीला मालक हॅरी बेली दिला. या नावाचा माणूस खरोखरच साउथवर्कला मद्यगृह चालवत होता आणि 1376च्या पार्लमेंटमध्ये तो सभासद होता. दारू विकणारा गृहस्थ गावाच्या वतीने राजदरबारी जातो, यात तिथे कुणाला वावगं वाटलं नाही.

एवढी माहिती टिकली ती प्रामुख्याने सरकारी कागदांमुळे. 1552च्या कायद्याने बिअर विकायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा केला. दुकानात दंगामस्ती, जुगार चालू देणार नाही, असा जामीन मालकाला लिहून द्यावा लागे. पुढे परवानाधारकाचं नाव दारावर रंगवण्याची पद्धत आली आणि नवा परवाना कायदा 2005मध्ये अमलात येईपर्यंत ती कायद्यानेच बंधनकारक होती. इमारत पुष्कळदा बिअर कंपनीची असे आणि मालक म्हणून मिरवणारा गृहस्थ तिचा भाडेकरू. तरी दारावर नाव त्याचं. म्हणून छोट्या गावातल्या पबमध्येही कधी कधी पूर्वीच्या मालकांची यादी फ्रेम करून लावलेली दिसते.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. मुंबई राज्याने 1949मध्ये दारूबंदी कायदा केला आणि एप्रिल 1950पासून संपूर्ण बंदी लागू झाली. मोरारजी देसाईंचं नाव या बंदीशी कायमचं जोडलं गेलं. या कायद्याला आव्हान देणाऱ्या बालसारा खटल्यात 1951मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला. डॉक्टरी कारणाने परमिट मिळत असे. बाकीच्यांसाठी हातभट्टी आणि मुंबईतले ‘आंटी’चे अड्डे होते. साठच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, बंदी सैल झाली. देशी दारूचे नियम 1973मध्ये आले. मूळ कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारू पिणं ही परवानगीने मिळालेली सूट आहे.

म्हणून पाटीवर ‘परमिट रूम’. नियमाप्रमाणे ग्लास उचलणाऱ्याकडे परमिट हवं. एका दिवसाच्या परमिटचा दर कित्येक वर्षं विदेशी मद्यासाठी पाच रुपये आणि देशीसाठी दोन रुपये. वर्षाचं शंभर रुपयांत, आजन्म हजारात. प्रत्यक्षात ‘आज बसायचं का?’ म्हणत आत शिरलेल्या गिऱ्हाइकाला परमिट कुणी विचारत नाही. काउंटरवर परमिटचं पुस्तक असतं आणि त्याची पानं हिशेब जुळवायला भरली जातात. बाहेर कुटुंबासाठी जेवणाचा भाग, आत अंधुक दिव्यांची खोली, टेबलावर क्वार्टर, सोडा आणि चकण्याला शेंगदाणे. मुंबई-पुण्यात आणि महामार्गांवर या धंद्यात उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींनी मोठा जम बसवला. शिवाय लायसन्स एकाच्या नावावर आणि हॉटेल दुसऱ्याने चालवायला घेतलेलं, हा प्रकार सर्रास. पाटीवर मालकाचं नाव येणार कुठून?

याच नारायणगावात तमाशाचे फड मालकाच्या नावावर चालतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव पिढ्या बदलल्या तरी फडाच्या फलकावर राहिलं. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे जत्रेचे कारभारी फडांच्या राहुट्यांत येऊन सुपाऱ्या ठरवतात, ते याच नावांच्या भरवशावर. वाइनचंही तसंच. 1980च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने ‘शॅटो इंडाज’ उभी केली. तिची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन परदेशात गेली. पुढे कंपनी कर्जात बुडाली, पण तिच्या संस्थापकाचं नाव लोकांना माहीत आहे.

परमिट रूमची जाहीर चर्चा होते ती बहुतेक बंद करण्याच्या वेळीच. राज्य सरकारच्या 2008च्या आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत मिळालं तर दुकानाला कुलूप. नवऱ्याच्या मजुरीचे पैसे तिथे जाताना पाहिलेल्या बायकांनी हे मतदान गावोगाव लढवलं आहे. दुसरा तडाखा सर्वोच्च न्यायालयाचा. डिसेंबर 2016च्या निकालाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री 1 एप्रिल 2017पासून बंद करायला सांगितली. हायवेच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्यांची शटर खाली आली. वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर झालं, मग पालिका हद्दींना सूट मिळाली, तशी अनेक शटर पुन्हा वर गेली.

तरीही मालकांची नावं लिहिलेली असतातच. ती राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या फाइलीत सापडतात. परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ठरलेली फी भरून दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. मालक वारला की वारसाचा अर्ज, भागीदार आला की नवा करार, जागा बदलली की नवा नकाशा, असे कागद त्यात साठत जातात. नारायणगावच्या एखाद्या परमिट रूमचा इतिहास कुणाला लिहायचा झाला, तर सुरुवात त्या फाइलीपासून करावी लागेल. कोण खरा मालक आणि कोण फक्त सहीपुरता, हे त्यानंतर जुन्या वेटरला विचारायचं.