आवंढा गिळू नका!

25 मेचा जागतिक थायरॉईड दिन आला की लॅबवाल्यांची पॅकेजं मोबाइलवर येऊन आदळतात. टीएसएच, टी-3, टी-4 यांची उजळणी इथे करत नाही. घरात एकाला तरी ती पाठ असते. पण हे आकडे एका प्रश्नावर गप्प बसतात. हॉर्मोन वाढलंय ते ग्रंथी जास्त बनवतेय म्हणून, की सूज येऊन तिच्यातला साठा पाझरतोय म्हणून? पहिल्या प्रकारात, म्हणजे बहुधा ग्रेव्हजच्या आजारात, हॉर्मोन रोखणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. दुसऱ्यात त्याच गोळ्या फुकट. तो बहुतेकदा आपोआप ओसरतो.

चुगली करतो तो रक्तप्रवाह. वीसेक ग्रॅमची ही ग्रंथी एरवीही वजनाच्या मानाने भरपूर रक्त ओढते. ग्रेव्हजमध्ये तर इतकं, की कधी कधी गळ्यावर नुसता स्टेथोस्कोप टेकवला तरी सूंऽसूं आवाज येतो. पाझरणाऱ्या ग्रंथीत मात्र प्रवाह रोडावतो.

एमआरआयमध्ये हा प्रवाह सुईशिवाय मोजता येतो. रक्तातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू रेडिओलहरींनी उलटे करायचे, सेकंदभर थांबून चित्र घ्यायचं, मग तसं न करता दुसरं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे प्रवाह. मेंदूसाठी ही युक्ती 1990च्या दशकापासून आहे. मेंदूचं रक्त एका दिशेने, मानेतून वर जातं, म्हणून वाटेतच त्याचे अणू उलटवता येतात. थायरॉईडचं तसं नाही: वरची धमनी कॅरोटिडच्या फांदीतून निघून खाली वळते, खालची हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्यातून वर चढते. जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी 2007 मध्ये यातून पळवाट काढली. एकदा फक्त ग्रंथीच्या कापातले अणू उलटवायचे, एकदा आजूबाजूचेही सगळेच. मग रक्त कुठूनही येवो! तरी शेजारी श्वासनलिकेतली हवा, कॅरोटिडचे ठोके, आणि रुग्णाने आवंढा गिळला की चित्र हललंच.

एवढा खटाटोप कशाला? सोनोग्राफीच्या टेबलावर कलर डॉपलर हेच काही मिनिटांत दाखवतं, शिवाय अँटीबॉडीची रक्ततपासणी आहेच. अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉपलर चालतं. किरणोत्सारी द्रव्य देऊन करायच्या आयसोटोप स्कॅनसाठी मात्र तिला पाजणं थांबवावं लागतं. निदानासाठी कुणाला एमआरआयच्या रांगेत उभं करायला माझा साफ विरोध आहे.

पण डॉपलर हाताच्या कसबावर चालतं. प्रोब जरा जास्त दाबला तरी प्रवाह कमी दिसतो. ग्रेव्हजच्या शस्त्रक्रियेआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून काही दिवस आयोडीनचे थेंब देतात. त्यांनी प्रवाह खरंच किती घटला, हे गळा उघडण्याआधी सर्जनला खात्रीच्या आकड्यात सांगणार असाल, तर तेवढ्यापुरता एमआरआयचा खर्च मला मान्य आहे.