लहान जातीची कुत्री आणि शस्त्रक्रियेचा मुहूर्त

पूर्वी आपल्याकडे कुत्रे अंगणात असे. ओसरीच्या पायरीपर्यंत त्याची हद्द आणि उरलेसुरले अन्न हे त्याचे वेतन. आता अंगण गेले, वाडा गेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पॉमेरेनियन, शित्झू किंवा डॅक्सहुंड जातीचे पाच-सहा किलोंचे जनावर घरच्या लेकरासारखे वावरू लागले. (आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जे विकले जाते ते बहुधा भारतीय स्पिट्झ असते, पण त्याने आजच्या विषयाला बाध येत नाही.) हे पिल्लू मादी असले की सहाव्या महिन्याच्या सुमारास घरात एक प्रश्न उभा राहतो. हिचे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन करावयाचे काय, आणि करावयाचे तर केव्हा? आमच्या व्यवसायात हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळा विचारला जातो, आणि विचारणारा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून इतकी परस्परविरुद्ध उत्तरे घेऊन आलेला असतो, की त्याचा थोडा सविस्तर विचार करणे बरे.

सर्वांत जुने मत असे, की एकदा तरी तिला आई होऊ द्यावे, म्हणजे तिची प्रकृती चांगली राहते. या मतामागे ममता आहे, पण आधार नाही. एका वितीने कुत्रीचे आरोग्य सुधारते असे कोठेही दिसून आलेले नाही. उलट लहान जातींत पिल्लांची डोकी मोठी व आईचा कटिभाग अरुंद असल्याने अडलेली बाळंतपणे पुष्कळ होतात, आणि पोट चिरून पिल्ले काढण्याची पाळी येते. संबंध एखाद्या मोठ्या रस्त्यावरच्या कुत्र्याशी आला असेल तर पाहावयासच नको.

दुसरे मत अलीकडचे. ‘घाई करू नका, सांधे बिघडतात’ असे ते सांगते. हे मत खोटे नाही. पण ते ज्या कुत्र्यांवरून निघाले ती कुत्री वेगळी. हाडांच्या टोकांशी वाढीचे कूर्चेचे पट्टे असतात आणि ते वेळेवर मिटण्यास अंडाशयातील संप्रेरके लागतात. ती अकाली काढून टाकली की हाड थोडे अधिक लांबते. तीस किलोंच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या सांध्यास हा फरक सोसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली ३५ जातींच्या कुत्र्यांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. मोठ्या जातींपैकी बहुतेकींत लवकरच्या शस्त्रक्रियेने सांध्यांचे विकार वाढलेले आढळले, लहान जातींत तशी वाढ आढळली नाही. त्याच नोंदींत शित्झू व बोस्टन टेरिअर या दोन लहान जातींत मात्र शस्त्रक्रियेनंतर कर्करोगांचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणून शित्झूच्या धन्याने डॉक्टरांशी वेगळे बोलून घ्यावे. बाकीच्या लहान जातींत केवळ सांध्यांसाठी थांबण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आता तिसरे मत, आणि यात आकड्यांचा घोटाळा आहे. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोका अर्धा टक्का, एका माजानंतर ८ टक्के, दोन माजांनंतर २६ टक्के, हे आकडे पुष्कळांनी ऐकलेले असतात. ते १९६९ साली कॅलिफोर्नियातील श्नायडर, डॉर्न व टेलर यांनी प्रसिद्ध केले. ऐकणारा समजतो, की दोन माज होऊ दिले तर शंभरांत सव्वीस माद्यांना कर्करोग होणार. तसा त्याचा अर्थ नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या मादीस जो धोका असतो, त्याच्या किती हिस्सा शिल्लक राहतो ते हे आकडे सांगतात. केवळ हिशेबासाठी असे धरू, की शस्त्रक्रिया न झालेल्या शंभर माद्यांपैकी वीस जणींना हा रोग होतो. मग एका माजानंतर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांत तो दीड-दोघींना होईल, आणि दोन माजांनंतर पाच जणींना. म्हणजे एक माज हुकला तरी सर्वस्व बुडाले असे नाही. शिवाय २०१२ साली लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील अभ्यासकांनी या विषयावरचे सगळे संशोधन पुन्हा चाळले, तेव्हा हा पुरावाच कच्चा असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. फायदा बहुधा आहे, पण या आकड्यांवर शपथ घेऊ नये.

मग आमचा भर कशावर? गर्भाशयात पू होण्याच्या रोगावर. कुत्रीचा देह एका बाबतीत विलक्षण आहे. माज ओसरल्यावर गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने तिचे शरीर गर्भ राहिल्यासारखेच वागते. त्या संप्रेरकाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यात स्राव साठतो आणि तेथील प्रतिकारशक्ती मंदावते. माजाच्या वेळी आत शिरलेल्या जंतूंना याहून सोयीची जागा कोणती? प्रत्येक माजागणिक अस्तर अधिक बिघडत जाते. स्वीडनमध्ये पाळीव कुत्रीचे ऑपरेशन सरसकट करण्याची चाल नव्हती आणि कुत्र्यांचा विमा मात्र सर्रास असे. तेथील विम्याच्या नोंदींवरून दिसले, की दहा वर्षांची होईपर्यंत सुमारे चौथा हिस्सा माद्यांना हा रोग होतो.

तो येतो बहुधा उतारवयात, माजानंतर महिना-दोन महिन्यांनी. कुत्री एकाएकी फार पाणी पिऊ लागते, अन्न टाकते, सुस्तावते. खालून पू वाहू लागला तर घरच्यांच्या लक्षात तरी येते. गर्भाशयाचे तोंड मिटलेले असेल तर तेही नाही, आणि पोट फुगेपर्यंत ‘उन्हाळा बाधला असेल’ म्हणून दिवस जातात. तेव्हा करावे लागते ते हेच ऑपरेशन. फरक इतकाच, की आठ महिन्यांच्या धडधाकट पिल्लाऐवजी टेबलावर नऊ वर्षांची, रक्तात विष भिनलेली, मूत्रपिंडे थकलेली कुत्री असते. पुष्कळ जणी त्यातूनही वाचतात. सगळ्या वाचत नाहीत.

म्हणून लहान जातीच्या मादीसाठी आम्ही सहा ते आठ महिन्यांचे वय, शक्यतो पहिल्या माजापूर्वीचे, सुचवितो. याहून फार लवकर नको. एवढ्याशा पिल्लाचे अंग भुलेखाली चटकन गार पडते. उपाशी ठेवल्याने रक्तातील साखरही उतरते, म्हणून मोठ्या कुत्र्याप्रमाणे रात्रभर लंघन घडवू नये; किती तास ते डॉक्टर सांगतील. या वयात आणखी एक सोय असते. लहान जातींत दुधाचे सुळे पुष्कळदा पडत नाहीत आणि नव्या सुळ्याशेजारी तसेच राहतात. ते त्याच भुलेत काढता येतात. बेंबीचा हर्निया असल्यास तोही शिवता येतो.

माज आधीच येऊन गेला असेल तर घाबरून दुसऱ्याच दिवशी पिल्लू घेऊन धावू नये. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात व रक्तस्राव अधिक होतो. माजानंतर लगेच करावे तर संप्रेरक एकदम उतरून खोट्या गरोदरपणाची लक्षणे उद्‌भवतात, दूधही येते. पहिल्या दिसलेल्या रक्ताच्या थेंबाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांचा दिवस ठरवावा.

शस्त्रक्रियेची किंमत काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. काही माद्यांत पुढे झोपेत लघवी गळू लागते. हे वजनदार कुत्र्यांत अधिक, लहानांत कमी, आणि त्यावर औषध आहे. लांब केसांच्या काही जातींत केस लोकरीसारखे होतात. वजन तर हटकून वाढू पाहते, कारण भूक वाढते आणि गरज घटते. पाच किलोंच्या कुत्रीवर अर्धा किलो म्हणजे पन्नास किलोंच्या माणसावर पाच किलो. टाके काढण्याच्या दिवशीच तिचे वजन करून वहीत लिहावे, जेवण थोडे उतरवावे, आणि चहाबरोबरचे बिस्किट तिला कोण कोण देतो याची घरात एकदा चौकशी करावी.