मेगरचा काटा

लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे कटआउट, शेजारी बिडाचा मेन स्विच, वर बॅटनची पट्टी आणि तिच्यावर पत्र्याच्या चिमट्यांनी बसवलेली रबरी वायर. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचरच्या जुन्या पेठांतल्या एखाद्या वाड्यात असा बोर्ड अजून दिसतो. महाराष्ट्रात वीज मंडळ १९६० साली आलं आणि त्यापुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव अशी कामं झाली. त्यांतली काही इतकी नेटकी आहेत, की वायरमनने ओळंबा लावून पट्टी ठोकली असावी. म्हणून जुना बोर्ड दिसला की ‘काढून टाका’ म्हणणारा तपासनीस मला पटत नाही. वय हा दोष नव्हे. दोष असतो तो मूळ कामावर नंतर चढलेल्या जोडकामात, आणि तो शोधून, मोजून, मालकाला कळेल असा लिहून देणं हेच या कामातलं खरं कसब.

चांगला तपासनीस लगेच हात लावत नाही. आधी बघतो, वास घेतो. बेकेलाइट तापत असेल तर मासळीसारखा उग्र वास येतो, स्क्रूभोवती तपकिरी डाग पडलेला असतो. स्क्रू सैल झाला की तिथला रोध वाढतो, रोध वाढला की जागा तापते, तापून-निवून स्क्रू आणखी सैल होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीत हे लवकर घडतं, कारण ती स्क्रूखाली हळूहळू दबत जाते आणि तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. आहुपे, तळेघरकडच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळाभर भिंतींना ओल असते. तिथे फळी फुगते आणि टर्मिनलांना गंज चढतो.

मग मेन बंद करून फ्यूजचे कटआउट ओढायचे. इथे घराचा सगळा इतिहास सापडतो. ५ अँपिअरची फ्यूज तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची, केसासारखी. ज्या काळात घरात चार दिवे आणि एक पंखा होता, त्या काळाला ती पुरत होती. पुढे फ्रिज आला, मिक्सर आला, दोन किलोवॅटचा गीझर आला. गीझर एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो. फ्यूज उडायला लागला, तेव्हा कुणीतरी वायरीचे चार पदर पिळून तिथे ‘तार बांधली’. त्यानंतर फ्यूज उडणं थांबलं आणि घरच्यांना वाटलं, दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात त्या दिवसापासून तापायची पाळी भिंतीवरच्या वायरीवर आली.

दुसरा दोष याहून फसवा. जुन्या बोर्डांत फेजवर एक आणि न्यूट्रलवर एक, असे दोन फ्यूज असतात. न्यूट्रलचा उडाला की दिवे जातात, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहते. लाइट गेली असं समजून माणूस बल्बच्या होल्डरला हात घालतो. न्यूट्रलवर सुटा फ्यूज नको, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच सांगितलं होतं. अहवालात या नोंदीला मी नेहमी सगळ्यात वरची जागा देईन.

डोळ्यांना दिसत नाही ते मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, सांगतो. घरातली उपकरणं काढून, बल्ब उतरवून वायरिंगवर ५०० व्होल्टचा डीसी दाब द्यायचा आणि आवरणातून किती वीज गळते ते पाहायचं. वायर आणि जमीन यांच्यातला रोध किमान १ मेगओहम हवा. जुनं रबर कडक होऊन तडकलेलं असलं की काटा शून्याकडे कलतो. अशा वेळी मालक म्हणतो, “अहो, चाळीस वर्षांत काही झालं नाही.” त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याला काटा दाखवावा. त्यानंतर अर्थिंग मोजायची. इथला खडक बेसाल्टचा, माती उथळ. खड्ड्यातला कोळसा-मीठ उन्हाळ्यात कोरडं पडलं की अर्थिंग नावापुरती उरते.

अहवालात ‘वायरिंग जुनी, बदलावी’ असं एकच वाक्य असेल तर तो कागद कपाटात जातो. कुठल्या खोलीतला कोणता पॉइंट, काय आढळलं, किती आकडा आला, फोटो, आणि काय आजच बंद करायचं, काय महिन्याभरात करायचं, हे वेगवेगळं लिहावं लागतं. ब्रिटनमध्ये यासाठी सी१, सी२, सी३ अशा श्रेणी आहेत. आपल्याकडे दोन तपासण्यांत पाच वर्षांहून जास्त अंतर नको, हे १९५६ च्या नियमांतही होतं. तरीही ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली, तेव्हा कुठे राज्यभरातल्या रुग्णालयांच्या विद्युत तपासणीची धावपळ झाली. आश्रमशाळा, ग्रामपंचायती, सोसायट्यांच्या बोर्डांसाठी तशा घटनेची वाट पाहू नये.

वर सांगितलेला सैल जोड कसा बोलतो हे जुन्नर तालुक्यात एका संस्थेला चांगलं ठाऊक आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. वीजवाहिनीवरच्या सैल जोडात ठिणगी पडली की तिचा रेडिओ-गोंगाट त्यांत शिरतो. तिथल्या अभियंत्यांना तो जोड शोधत फिरावं लागतं. घरातल्या बोर्डात चरचर आवाज येतो, तेव्हा तिथेही ठिणगीच पडत असते.

आणि घराबाहेर, शेतातही हेच दोष. डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या, खालच्या पेटीत फ्यूजच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची जाड तार, मोटारीच्या स्टार्टरला ऑटोस्विच. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, भार झेपत नाही आणि ऐन हंगामात डीपी जळते. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याची अडचण अशी, की शेतीची वीज पाळीने येते, रात्रीही येते, आणि उसाच्या कडेला बिबट्या असतो. ऑटोस्विच नसेल तर त्याला अंधारात पेटीपर्यंत जावं लागतं. दिवसा वीज द्या, ही इथली मागणी जिवाशी जोडलेली आहे. तोवर अहवालात ‘ऑटोस्विच काढा’ एवढंच लिहून भागत नाही. स्टार्टरची पेटी उसापासून लांब, घराजवळ किंवा वाटेच्या कडेला घ्या, तिला झाकण आणि अर्थिंग द्या, पेटीजवळ दिवा लावा, कपॅसिटर बसवा, आणि डीपीच्या पेटीतला फ्यूज महावितरणच्या माणसाकडूनच योग्य तारेने बांधून घ्या, असं सविस्तर लिहावं लागतं.