योगाचा शिक्षक : स्वामी कुवलयानंद

आपल्या नाशकाकडे सिंहस्थ भरला म्हणजे गोदेच्या काठी तऱ्हतऱ्हेचे साधू दिसतात. कुणी एक हात वर धरलेला, कुणी काट्यांवर निजलेला. त्यामुळे योग म्हटला की तेच चित्र डोळ्यांपुढे येते, आणि ‘हे काही आपल्या प्रपंची माणसाचे काम नव्हे,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ही समजूत दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या स्वामी कुवलयानंदांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतील डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा विद्यार्थी १९०७ ते १९१० या काळात बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घुमला. पुढे त्यांनी खानदेशात अमळनेरला शिक्षकी केली. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते काही काळ प्राचार्यही होते. १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींची गाठ पडली आणि गुणे मास्तर योगाकडे वळले.

पण मास्तरचा स्वभाव कुठे जातो? गुरूंनी दिले ते त्यांनी मनोभावे घेतले. मात्र ‘हे शरीरात घडते कसे?’ हा प्रश्न सोडला नाही. बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासून घेतल्या. नौली करणारा योगी बस्तीच्या वेळी आतड्यात पाणी ओढून घेतो, याला लोक चमत्कार मानीत. मोजून पाहता आढळले, की नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप वर चढते. पिचकारीचा दट्ट्या ओढला की पाणी आत येते ना, तसेच हे. चमत्कार गेला, पण क्रियेची किंमत कमी झाली नाही. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि प्रयोगांचे निष्कर्ष छापण्यासाठी ‘योग-मीमांसा’ हे त्रैमासिक काढले.

सत्य आपल्या बाजूचे नसले तरी सांगायचे, हा त्यांचा बाणा. देवळाली कॅम्पला लोक हवापालटासाठी येत आले आहेत. चांगल्या हवेत दीर्घ श्वास घेतला की प्राणवायू जास्त मिळतो, आणि हेच प्राणायामाचे रहस्य, असे पुष्कळजण अजूनही सांगतात. कुवलयानंदांनी मोजणी केली आणि ही कल्पना चुकीची असल्याचे लिहून टाकले. कारण सोपे आहे. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. भरल्या घागरीत आणखी किती ओतणार? प्राणायामाचा खरा उपयोग श्वासावर ताबा येण्यात आणि मज्जासंस्थेला वळण लागण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे.

शिक्षकबंधूंनी त्यांच्या शिकवण्याची रीत ध्यानात घ्यावी. कवायतीत हुकूम सुटला की अंग झटक्याने हलते. आसनात तसे चालत नाही. सावकाश जावे, जमेल तेथे थांबावे, सावकाश परतावे. शेजारच्या पोराशी चढाओढ नको. पोट भरलेले असताना आसने नकोत. उड्डियान-नौली तर पुस्तक वाचून करूच नयेत, आणि रक्तदाब, अंतर्गळ किंवा गर्भारपण असेल तर मुळीच नाही. ‘याने अमका रोग हमखास जातो’ असे वर्गात सांगू नये. आजाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे.

मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही स्वामींचा हात होता, आणि १९५० च्या सुमारास कैवल्यधामात योगशिक्षक तयार करणारे महाविद्यालय निघाले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. लोणावळ्याचे काम आजही चालू आहे.

तेव्हा उद्या एखाद्या मुलाने विचारले, ‘गुरुजी, या आसनाने काय होते?’ तर त्याला गप्प बसवू नका. माहीत असेल तेवढे सांगा, आणि उरलेले त्याच्याबरोबर शोधा.