वहीतून नाव खोडले, पण आकडा गेला का?

अशी कल्पना करा, की बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकाल येथे एका शाळेतील आठवीच्या दहा मुलामुलींनी विज्ञान मंडळ काढले आहे. दर महिन्याला प्रत्येकाची उंची व वजन एका वहीत नोंदवायचे आणि सरासरी फलकावर लिहायची, असा त्यांचा परिपाठ. वर्षाच्या मध्यातच एकाच्या वडिलांची अकोल्याला बदली होते. जाताना तो म्हणतो, "माझे आकडे काढून टाका. माझ्या वजनावरून मागे कोणी हसायला नको." मागणी रास्त आहे, शरीर त्याचे, आकडेही त्याचेच. पण ती पुरी कशी करायची?

पान फाडणे सर्वांत सोपे. परंतु पाठपोट लिहिलेल्या वहीत मागच्या बाजूची दुसऱ्या मुलीची मोजमापेही त्याबरोबर जातात. बॉलपेनने खोडावे, तर लिहितानाचा दाब खालच्या पानावर उमटलेला असतो. त्या कोऱ्या पानावर बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहा. सावल्यांमुळे अक्षरे पुष्कळदा वाचता येतात. नोंद संगणकात असली तरी फारसा फरक नाही. पुसण्याची आज्ञा मिळाली, की बहुधा संगणक फक्त आपल्या अनुक्रमणिकेतील उल्लेख काढतो व ती जागा मोकळी समजतो. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच राहू शकतो. शिवाय जपून ठेवलेल्या जादा प्रती असतात, त्या वेगळ्याच.

समजा, हे सारे काळजीपूर्वक नष्ट केले. तरीही एक चोरवाट उरते, आणि ती गणिताची आहे. दहा जणांची सरासरी बरोबर ४२ किलो होती. त्याच्या नोंदी काढल्यावर त्याच महिन्याची नऊ जणांची सरासरी ४१ किलो आली व तीही फलकावर लागली. आता दहा जणांचे एकूण वजन ४२० किलो आणि नऊ जणांचे ३६९ किलो. वजाबाकी केली, की गेलेल्या मुलाचे वजन ५१ किलो! जे लपवायचे होते, तेच पुसण्याच्या कृतीने उघड केले.

यावर उपाय आहे. सरासरी जवळच्या पूर्ण किलोतच द्यावी. मग ४२ याचा अर्थ ४१.५ ते ४२.५ यांमधील काहीही आणि ४१ याचा अर्थ ४०.५ ते ४१.५ यांमधील काहीही. आता तीच वजाबाकी केली तर उत्तर ४१.५ ते ६०.५ किलो एवढे ऐसपैस येते. प्रयोगशाळेत आपण ज्या त्रुटीला नावे ठेवतो, तीच येथे कामी येते.

मंडळातील इतरांचाही विचार हवा. एखाद्या मुलीने त्याच्याशी तुलना करून स्वतःच्या वाढीविषयी टिपण लिहिले असेल, तर ते टिपण तिचे आहे. त्यातून त्याचे नाव व आकडे वगळावेत, टिपण ठेवावे.

मोठ्या संशोधनातही हाच पेच येतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांची पुढे वर्षानुवर्षे तपासणी केली. अशा अभ्यासात मधली एक नोंद गेली, तर ती पुन्हा मिळवता येत नाही, कारण गेलेले वय परत मोजता येत नाही. ब्रिटनमधील 'यूके बायोबँक' या प्रकल्पाने २००६ ते २०१० या काळात सुमारे ५ लाख लोक सामील करून घेताना बाहेर पडण्याचे तीन मार्ग आधीच सांगितले होते: आमच्याशी यापुढे संपर्क नको, नवी माहिती घेऊ नका, पण आधीची वापरा, किंवा आधीचीही यापुढे वापरू नका. मात्र पूर्ण झालेल्या संशोधनातून आकडे मागे घेता येणार नाहीत, हेही स्पष्ट केले होते. प्रवेशाच्या वेळीच सांगितले, ही गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. तो संगणकीय माहितीपुरता आहे. केवळ कागदावर राहिलेली मंडळाची वही त्यात येत नाही. तिचे नियम मुलांनीच ठरवायचे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. दहापैकी दोघे एकदमच गेले आणि आधीची व नंतरची अशा दोन्ही सरासरी अचूक माहीत असल्या, तर कोणाचे वजन शोधता येईल? आणि त्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याचे शोधता येईल का?